काचपट्टीवरच्या तांबड्या पेशी

सकाळी ७. टिळक रोडवरची आमची लॅब उघडते तेव्हा उपाशीपोटी आलेल्यांची रांग लागलेली असते. सीबीसीचं रक्त जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेऊन हलक्या हाताने उलटसुलट करायचं. हिसडलं की पेशी फुटतात.

९. मशीन मिनिटाभरात हिमोग्लोबिन, पेशींची संख्या आणि सरासरी आकारमान देतं. पेशीची घडण मात्र डोळ्यांनीच बघावी लागते. शंका आली की स्लाइड. काचेवर थेंब ठेवून दुसऱ्या काचेने एका दमात ओढायचा. शेवट जिभेच्या टोकासारखा पातळ उतरला पाहिजे. वाळल्यावर लिशमनचा रंग, दोन मिनिटांनी दुप्पट बफर, मग सात ते दहा मिनिटं थांबायचं. इथे घाई केली की स्लाइड वाया गेली.

१०.३०. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम मायक्रोस्कोपवर बसतात. निरोगी तांबडी पेशी गोल, मधोमध फिकट. पिंपरी कॅम्पातल्या एका गरोदर ताईंचं हिमोग्लोबिन १०, पेशी लहान, पण संख्या भरपूर, आणि कित्येकींच्या मध्यभागी गडद ठिपका: टार्गेट पेशी. लोहाची कमतरता असती तर संख्याही सहसा घटली असती, लांबट पेन्सिल पेशी दिसल्या असत्या. मॅडमना थॅलेसेमिया मायनरचा संशय आला. फाळणीनंतर पिंपरीत वसलेल्या सिंधी समाजात तो बराच आढळतो. पती-पत्नी दोघांची एचपीएलसी ही हिमोग्लोबिनची तपासणी सुचवली. दोघंही मायनर निघाले, तर प्रत्येक खेपेला बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के.

१२. एका रुग्णाच्या प्लेटलेट १४ हजार, आणि स्लाइडभर पेशींचे तुकडे. अशा वेळी रिपोर्ट छापेपर्यंत थांबत नाहीत; मॅडमनी थेट डॉक्टरांना फोन लावला. टीटीपी हा आजार असेल तर प्लाझ्मा बदलण्याचा उपचार त्याच दिवशी सुरू व्हावा लागतो.

३. आणखी एका स्लाइडवर काटेरी कडांच्या पेशी. किडनीच्या आजारात दिसतात, तशा शिळ्या रक्तातही. ताजं रक्त मागवलं.

५. धडगावहून स्पर्धा परीक्षेसाठी आलेला मुलगा. स्लाइडवर विळ्यासारख्या पेशी. डॉ. हेरिक यांनी शिकागोत १९१० मध्ये त्यांचं वर्णन छापलं. सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल घरांत सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. "लहानपणापासून सांधे दुखतात, मॅडम. वाताच्या गोळ्या खातो," तो म्हणाला. त्यावर हायड्रॉक्सीयुरियाची गोळी आहे, वेळेवर मिळाली तर दुखण्याचे झटके कमी होतात. इतकी वर्षं कुणी त्याची स्लाइडच बघितली नव्हती, याचा मला राग येतो.

७. रिपोर्ट गेले. हिमोग्लोबिन कमी आलं, तर लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं खात बसू नका. डॉक्टरांना सांगून एकदा रक्ताची स्लाइड तपासून घ्या.