लिपस्टिक, लेदर आणि पांढरी पाच

पॉइझन या अमेरिकन बँडचा पहिला अल्बम १९८६ साली आला. कव्हरवर चार चेहरे: ओठांना लिपस्टिक, डोळ्यांत काजळ, गालांवर लाली, स्प्रे मारून फुगवलेले केस. नागपूरहून आणलेली ती कॅसेट मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात आमच्या शेजारच्या काकाजींच्या हाती पडली, तेव्हा चष्मा सारखा करून त्यांनी एकच प्रश्न केला, “हे पोट्टे हायेत का पोट्ट्या?” काकाजी स्वतः खडी गंमत या लोकनाट्याचे शौकीन. मिशी काढून लुगडं नेसलेला शेतकरी रात्रभर नाचलेला त्यांना चालायचा, बालगंधर्वांच्या शालूचं ते तोंडभर कौतुक करायचे. पण हातात गिटार असलेल्या पुरुषाने ओठ रंगवले की बिघडलं!

पॉइझनसारख्या बँडांच्या या संगीताला ग्लॅम मेटल म्हणतात. त्यावरचा आक्षेप आजही तोच आहे: सगळा नट्टापट्टा, आत काही नाही. मला उलट वाटतं. भपका डोळ्यांआड करून ऐकलं, तर या गाण्यांची बांधणी कमालीची काटेकोर आहे.

बॉन जोवीचं १९८६ चं ‘लिव्हिन ऑन अ प्रेयर’ घ्या. टॉमी गोदीत काम करणारा, युनियनचा संप सुरू आहे आणि हाताला काम नाही. जीना हॉटेलात राबून घर चालवते. आमच्याकडच्या बोरगावच्या कारखान्यांत शिफ्ट करणाऱ्या सौसरच्या पोरांना यात वेगळं काय समजावून सांगायचं? गंमत अशी, की बँडचा गायक जॉन बॉन जोवी याला हे गाणं पहिल्या रूपात फारसं भावलं नव्हतं. गिटारवादक रिची सँबोरा हटून बसला. मग बेसची चाल बदलली, टॉक बॉक्स आला. गिटारचा आवाज प्लास्टिकच्या नळीतून वादकाच्या तोंडात सोडायचा, तोंडाच्या हालचालीने त्याला आकार द्यायचा आणि तो माइकने टिपायचा, ही टॉक बॉक्सची करामत. सुरुवातीला गिटार जे काही बोलल्यासारखी वाटते, ते यामुळेच.

खरी मजा शेवटी आहे. गाण्याचा षड्ज पांढरी तीन. शेवटच्या ध्रुवपदाशी येताच तो थेट पांढरी पाचवर चढतो, म्हणजे आधीचा कोमल गंधारच नवा षड्ज होतो. आणि चढण्याच्या नेमक्या आधी एक मात्रा चक्क गाळली आहे. चारच्या हिशेबाने टाळी देणारा तिथे हमखास फसतो, कारण सम एक मात्रा आधीच येऊन आदळते. हार्मोनियम असेल तर वाजवून बघा. आमच्याकडे भजनात पेटी धरणाऱ्या एकाला इंग्रजीचा गंध नव्हता, पण या जागेवर त्याने झटकन मान वर केली होती.

काटेकोरपणाचा कळस मात्र शेफील्डच्या डेफ लेपर्डचा. ३१ डिसेंबर १९८४ ला मोटार अपघातात त्यांचा ड्रमर रिक ॲलन याचा डावा हात गेला. बँडने दुसरा ड्रमर शोधला नाही. रिकने खास बनवून घेतलेल्या इलेक्ट्रॉनिक ड्रमसेटवर डाव्या हाताचं काम डाव्या पायाच्या पेडलांकडे दिलं आणि ऑगस्ट १९८६ मध्ये डॉनिंग्टनच्या मोठ्या महोत्सवात तो वाजवायला बसला. पुढच्या वर्षी आलेला ‘हिस्टेरिया’ निर्माता मट लँग याने असा घासून घेतला, की काही ठिकाणी गिटारची कॉर्ड एकदम न छेडता एकेक तार वेगवेगळी ध्वनिमुद्रित केली. त्यातून सात सिंगल्स निघाली, दोन कोटींहून जास्त प्रती खपल्या. हेडफोन लावून ऐका, कुठे फट सापडत नाही.

मग एवढा शृंगार कशाला? उत्तर सोपं आहे: टीव्ही. १९८१ मध्ये एमटीव्ही सुरू झाली, त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये मॉटली क्रू हा बँड उभा राहिला. दोन वर्षांनी क्वायट रायट बँडचा ‘मेटल हेल्थ’ बिलबोर्डच्या अल्बमांच्या यादीत पहिला आला. हेवी मेटलला तो मान तोवर मिळाला नव्हता. आता गाणं कानांआधी डोळ्यांना विकायचं होतं. त्यात बायकांना शोभेच्या वस्तूसारखं उभं करणारे व्हिडिओही ढिगाने निघाले. वॉरंटचा ‘चेरी पाय’ आज बघवत नाही. त्याचं समर्थन मी करणार नाही.

पण केसांवरून माणूस जोखणाऱ्यांना डी स्नायडरने बरं गाठलं. १९ सप्टेंबर १९८५ ला अमेरिकन सिनेटपुढे गाण्यांतल्या शब्दांवर सुनावणी होती. ट्विस्टेड सिस्टरचा हा गायक बाह्या नसलेलं डेनिम जॅकेट आणि कुरळ्या केसांचं जंगल घेऊन तिथे पोचला, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि एकेक आरोप मुद्देसूद खोडला. समोरचे बघत राहिले.

आमच्या भागात हे सगळं उशिरा आलं. केबलवर एमटीव्ही दिसायला लागली, त्याच सुमारास, सप्टेंबर १९९१ मध्ये, निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ निघाला आणि ढगळ शर्टातल्या पोरांनी या रंगीत मंडळींना बाजारातून उठवलं. वरात पाहायला आम्ही आलो तेव्हा मांडव उतरवायला लागले होते. घरात मराठी, शाळेत हिंदी, कॅसेटमध्ये इंग्रजी. शब्द अर्धेमुर्धे कळायचे, ध्रुवपद मात्र पाठ.

मुंबईत १९८४ ला सुरू झालेल्या ‘रॉक मशीन’ने हाच बाज आपल्याकडे आणला. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. बाकीचे बँड परक्यांची गाणी वाजवण्यात धन्यता मानत असताना १९८८ मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा ‘रॉक ’न’ रोल रेनेगेड’ काढला. १९९३ मध्ये ते ‘इंडस क्रीड’ झाले, आवाज बदलला, तबल्यासारखी इथली वाद्यंही डोकावू लागली. मला जुनं नाव जास्त आवडतं. त्यात उगाच भारदस्तपणा नव्हता.

या जातीच्या संगीतावर आजही मनापासून प्रेम करणारा आपल्या देशातला मुलूख म्हणजे ईशान्य भारत. फायरहाऊस, मिस्टर बिग असे बँड शिलाँग, दिमापूरला येऊन वाजवून गेले, ते उगाच नाही.

नवख्याने सुरुवात कुठून करावी? बहुतेक जण बॉन जोवी सांगतील. मी सिंड्रेलाचा १९८८ चा ‘लाँग कोल्ड विंटर’ सुचवेन. नाव परीकथेतलं, केस तसेच फुगवलेले, पण आत अस्सल ब्लूज. गायक टॉम कीफर याची १९९१ च्या सुमारास एका बाजूचा स्वरतंतू लुळा पडला. शस्त्रक्रिया झाल्या, गाणं पहिल्यापासून शिकावं लागलं. तो अजून गातो, आणि माझ्या मते त्या काळातल्या बहुतेकांपेक्षा सुरेल गातो.