एक यादी, चार संगणक

रुग्णालयाच्या संगणक विभागावरील खर्चाबाबत देणगीदारांकडून दरवर्षी विचारणा होते. यंत्रे एकदा घेतल्यावर त्यांच्यातील माहिती जुळवत ठेवण्यासाठी पुन्हा खर्च कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर एका यादीच्या आधारे देतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. यांपैकी कोणती खाट रिकामी आहे, कोणाच्या शिधापत्रिकेची व उत्पन्नाच्या दाखल्याची पडताळणी झाली आहे, निधीत शिल्लक किती, ही यादी नोंदणी कक्ष, समाजसेवा कक्ष, देयक विभाग व लेखा विभाग अशा चार ठिकाणी लागते. पेन ड्राइव्हवरून किंवा ई-मेलने नेलेली प्रत तासाभरात शिळी होते. दहा वाजता खाट रिकामी झाली आणि अकरा वाजता नोंदणी कक्षातील प्रत ती भरलेलीच दाखवीत असली, तर हक्काचा रुग्ण दारातून परत जातो. त्याच्या नातेवाइकांना यामागचे कारण कधीच कळत नाही.

अनेक संगणकांवरील प्रती आपोआप जुळवण्याच्या पद्धतीस 'सिंक' म्हणतात. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी 'आरसिंक' ही प्रणाली प्रसिद्ध केली. तिचे तत्त्व हिशेबनिसास सहज पटावे. दोन वह्या जुळवताना आपण प्रत्येक नोंद वाचत नाही, पानाखालची बेरीज ताडून पाहतो. जुळली नाही तेवढेच पान उघडतो. संगणकही फाइलचे तुकडे करून प्रत्येकाची अशी 'बेरीज' ताडतो आणि बदललेला भागच पाठवतो. त्यामुळे मोठी फाइलही अल्पावधीत अद्ययावत होते.

मात्र दोन कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी आपापल्या प्रतीत वेगवेगळे बदल केले, तर खरे कोणाचे हे यंत्रास ठरवता येत नाही. ड्रॉपबॉक्ससारख्या सेवा अशा वेळी दुसरी प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवतात. निवाडा माणसानेच करावयाचा. परिपत्रके, कोरे अर्ज, सभांची इतिवृत्ते यांना हे चालते. खाटांच्या यादीला चालत नाही. म्हणून ती यादी मध्यवर्ती सर्व्हरवर एकच ठेवलेली आहे. चारही कक्ष तीच उघडतात आणि नोंद कोणी व केव्हा बदलली, हे तेथेच उमटते. रुग्णांची नावे व उत्पन्न हा खाजगी तपशील असल्याने ती उघडण्याचा अधिकार नेमून दिलेल्या कर्मचाऱ्यांनाच आहे. मोबाइलवरील गटांत तिची छायाचित्रे फिरणे आम्हांस मुळीच मान्य नाही.

सर्वांत मोठा गैरसमज पुढेच आहे. चार संगणकांवर प्रत आहे, म्हणजे माहिती सुरक्षित आहे, असे अनेकांस वाटते. वस्तुतः सिंक जशी दुरुस्ती पोहोचवते, तशीच चूकही पोहोचवते. एका ठिकाणी पुसलेली फाइल थोड्याच वेळात चारही ठिकाणांहून जाते. काही सेवा जुन्या आवृत्त्या ठेवतात, पण बहुधा ठरावीक मुदतीपुरत्याच. खंडणीसाठी माहिती कुलूपबंद करणारा विषाणू शिरला, तर तीच कुलूपबंद फाइल सर्वत्र पोहोचू शकते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तेथील कामकाज कित्येक दिवस कागदावर चालवावे लागले होते.

यास्तव राखीव प्रत स्वतंत्र हार्ड डिस्कवर घेतली जाते आणि काम होताच ती डिस्क संगणकापासून अलग करून कपाटात ठेवली जाते. अशा दोन डिस्क आळीपाळीने वापरात असतात. एक रुग्णालयात, दुसरी इमारतीबाहेर. महिन्यातून एकदा त्यांवरील यादी रिकाम्या संगणकावर उतरवून उघडते की नाही, हे पाहिले जाते. सोबतच्या जमाखर्च पत्रकात 'संगणक देखभाल' या शीर्षाखाली दिसणाऱ्या रकमेत या दोन डिस्कचा समावेश आहे.