लाल दाखवणारा दिवा

सकाळी 7. खारघरच्या घरातली उत्तरेकडची खोली ही माझी दिवे बनवायची जागा. उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन फारसं येत नाही, उजेड बराच वेळ एकसारखा राहतो, म्हणून रंग पारखायला ती बरी. टेबलावर तीन वस्तू कायम असतात: इरकलीच्या लाल काठाचा तुकडा, कुंकवाचा करंडा आणि एक पिकलेला टोमॅटो. नवी एलईडी पट्टी आली की या वस्तू आधी खिडकीशी पाहायच्या, मग पडदा ओढून पट्टीच्या उजेडात. आजची पट्टी 24 व्होल्टची, 3000 केल्विनची, आरए 95. काठाचा लाल दोन्हीकडे लालच दिसला, म्हणजे पट्टी कामाची.

दिवा घेताना आपण वॅट विचारतो, फार तर वॉर्म की कूल. रंग किती खरे दिसतील, हे विचारत नाही. ते सांगणारा आकडा आरए, पण तोही अपुरा आहे. तो 8 सौम्य रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो आणि गडद लाल त्यात धरलेलाच नाही. लाल हा नववा नमुना, आर9. आरए 80 असलेल्या साध्या बल्बचा आर9 शून्याच्या आसपास असतो, कधी उणेही. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये ही अडचण नव्हती.

याचं कारण दिव्याच्या पोटात आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, साधारण 450 नॅनोमीटरचा. त्या निळ्या एलईडीसाठीच आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड शोषून पिवळा देणाऱ्या भुकटीचा, थर चढवला की उजेड पांढरा दिसतो, पण लाल तोकडा पडतो. तो भरून काढायला लाल फॉस्फर जास्त घालावा लागतो. आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या हिरवट पिवळ्याला सर्वांत तीव्र प्रतिसाद देतो, गडद लालला फार कमी. म्हणून लाल वाढवला की त्याच विजेत ल्युमेन, म्हणजे डोळ्याला जाणवणारा उजेड, घटतात. खोक्यावर ल्युमेनचा आकडा मोठा हवा असेल, तर पहिली कात्री लालवर चालते. 2015 च्या उजाला योजनेने एलईडी स्वस्त करून घराघरांत नेला, विजेची बिलं उतरली, हे मोठंच काम झालं. पण ताटातला रंग फिका पडला, त्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही.

सकाळी साडेनऊ. आजचं काम एका स्वयंपाकघराचं: ओट्यावरच्या कपाटांखाली आठ फुटांची पट्टी. पट्टी बसवायचं अ‍ॅल्युमिनियमचं प्रोफाइल मापात कापलं, कडा कानशीने घासल्या. पट्टी खुणेवरच कापायची आणि जोड झाळायचाच. चिमटीत पट्टी पकडणारे तयार कनेक्टर मी वापरत नाही. खाडीकडच्या आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत त्यांचे संपर्क गंजतात, मग दिवा लुकलुकायला लागतो. तांब्याच्या ठिपक्यावर आधी फ्लक्स, मग कथलाचा पातळ थर, मग वायर. सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवलं तर ठिपका उचलला जाऊ शकतो. आणखी एक पथ्य: एका घराला लागणारी सगळी पट्टी एकाच लॉटची घ्यायची. दोन लॉटमधला 3000 केल्विन शेजारी लावला की एक गुलाबीकडे झुकू शकतो, दुसरा हिरव्याकडे.

दुपारी 12. पट्टीला वीज पुरवणारा ड्रायव्हर. वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते, त्यामुळे ड्रायव्हर हलका असेल तर दिवा सेकंदाला 100 वेळा मंदावतो. डोळ्याला ते कळत नाही, पण काहींचं डोकं त्याने दुखतं. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये उजेड धडधडताना दिसला, तर तो ड्रायव्हर बाजूला ठेवायचा. पट्टी 24 वॅटची आहे, म्हणून ड्रायव्हर 40 वॅटचा घेतला. काठोकाठ चालवलेला ड्रायव्हर तापतो आणि लवकर जातो.

मधेच एक फोन. खारघरच्याच निफ्ट या फॅशन संस्थेत शिकणाऱ्या मुलीला टेबलावरचा दिवा हवाय. दुकानात जुळलेले दोन धागे खोलीवर आल्यावर वेगळे दिसतात, म्हणाली. धाग्यांची रंगद्रव्यं वेगळी असली की असं होतं: एका उजेडात जुळतात, दुसऱ्यात फुटतात. तिला 5000 केल्विनचा, आर9 90 च्या वरचा दिवा करून देईन. कापडाच्या कामाला तडजोड चालत नाही.

दुपारी 2. प्रोफाइल पूर्ण उजेडावर लावून ठेवलं. तासाभराने तापमापकाची तार चिपशेजारी चिकटवून आकडा पाहिला: 52 अंश. ठीक आहे. अति तापलं की फॉस्फर लवकर थकतो आणि उजेडाचा रंग हळूहळू सरकतो.

संध्याकाळी 5. ज्यांच्या स्वयंपाकघरासाठी पट्टी केली, त्या काकूंच्या घरी. त्या घरून डबे देतात, दिवस पहाटे ओट्याशी सुरू होतो. कपाटाखाली आधीची 6500 केल्विनची निळसर ट्यूब होती. "दादा, कांदा गुलाबी झाला की करपायला लागला, ते या उजेडात कळतच नाही. कढई घेऊन खिडकीशी जावं लागतं," त्या म्हणाल्या. प्रोफाइल कपाटाच्या पुढच्या कडेला लावलं, मागच्या भिंतीला नाही. भिंतीला लावलं तर उजेड टाइल्सवर पडतो आणि भांड्यावर हाताची सावली येते. ड्रायव्हर शेगडीपासून दूर, हवा खेळेल अशा कप्प्यात.

साडेसात. बाहेर अंधार पडल्यावर दिवा लावला. काकूंनी कांदा परतायला घेतला. पांढरा, मग पारदर्शक, मग कडांना गुलाबी, मग तांबूस. चारही टप्पे वेगवेगळे दिसले. तांबूस होताच त्यांनी टोमॅटो टाकला, खिडकीकडे न बघता. "मिरची पावडर आता मिरची पावडरीसारखी दिसतेय," एवढंच म्हणाल्या.

रात्री 9. घरी येऊन उद्याच्या दिव्याचं माप लिहिलं.

हे सगळं स्वतः बनवायलाच हवं असं नाही. पुढचा दिवा घ्याल तेव्हा दुकानदाराला दोन आकडे विचारा: आरए 90 च्या वर आणि आर9 किमान 50. आर9 माहीत नाही म्हणाला, तर पिशवीतला टोमॅटो दिव्याखाली धरा. तो तपकिरी दिसला, तर दिवा परत द्या.