कुटुंब नियोजन : उद्दिष्टाच्या आकड्यापासून दांपत्याच्या निवडीपर्यंत

कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये स्वीकारणारा भारत हा जगातील पहिला देश होय. त्या वेळी देशाची लोकसंख्या सुमारे ३६ कोटी होती आणि एका स्त्रीला सरासरी सहाच्या आसपास अपत्ये होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा एकूण जननदर २.० असल्याचे आढळले. मात्र सात दशकांची ही वाटचाल सरळ रेषेत झालेली नाही. कार्यक्रमाचे यश कशाने मोजायचे, शस्त्रक्रियांच्या संख्येने की माता-बालकांच्या आरोग्याने, या प्रश्नाचे उत्तर वेळोवेळी बदलले आणि त्यासोबत धोरणही बदलले.

दवाखान्यातून गावाकडे

शासनाने या विषयात लक्ष घालण्यापूर्वी तीन दशके, १९२१ मध्ये, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले होते. पहिल्या पंचवार्षिक योजनेत या कार्यक्रमासाठी केवळ ६५ लाख रुपयांची तरतूद होती आणि भर नैसर्गिक पद्धतीवर होता. इच्छुक दांपत्य आपणहून दवाखान्यात येईल, अशी अपेक्षा होती. १९६१ च्या जनगणनेत दशवार्षिक वाढ २१ टक्क्यांहून अधिक आढळली आणि धोरणकर्त्यांची चिंता वाढली. १९६६ मध्ये कुटुंब नियोजनाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर झळकला, तर १९६८ पासून ‘निरोध’ सवलतीच्या दरात दुकानांतून मिळू लागला.

उद्दिष्टांचे वर्चस्व

याच काळात वार्षिक उद्दिष्टांची पद्धत रुजली. केंद्राने ठरविलेला आकडा राज्य, जिल्हा व तालुका या क्रमाने शेवटी गावातील परिचारिकेपर्यंत पोहोचे. १९६५ मध्ये मोठ्या प्रमाणावर सुरू झालेला ‘लूप’ बसविण्याचा कार्यक्रम काही वर्षांतच मागे पडला, कारण रक्तस्राव वा वेदना झालेल्या स्त्रियांची नंतर विचारपूस करणारी यंत्रणा अपुरी होती. १९७१ मध्ये केरळमधील एर्नाकुलम येथील शिबिरात साठ हजारांहून अधिक पुरुषांच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि शिबिर हाच कार्यक्रमाचा आदर्श ठरला.

विकास हेच सर्वोत्तम संततिनियमन होय, अशी भूमिका भारताने १९७४ च्या बुखारेस्ट परिषदेत मांडली. परंतु आणीबाणीच्या काळात, एप्रिल १९७६ मध्ये जाहीर झालेल्या धोरण-निवेदनाने विकासाच्या परिणामांची वाट पाहण्यास वेळ नसल्याचे सांगितले. विवाहाचे किमान वय वाढविण्यासारखी दूरदृष्टीची शिफारस त्यात होती; तशीच सक्तीच्या नसबंदीचे कायदे करण्याची मोकळीक राज्यांनाही होती. महाराष्ट्र विधिमंडळाने असे विधेयक संमतही केले, पण त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. पुढील वर्षी हा आकडा दहा लाखांच्याही खाली आला.

१९७७ मध्ये ‘कुटुंब नियोजन’ हे नाव बदलून ‘कुटुंब कल्याण’ झाले. मात्र नाव बदलल्याने गमावलेला विश्वास परत आला नाही. १९७६-७७ मधील शस्त्रक्रियांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पुरुषांच्या होत्या. त्यानंतर पुरुष या कार्यक्रमातून जवळजवळ बाहेर पडले आणि सारा भार स्त्रियांवर आला. २०१९-२१ च्या पाहणीनुसार विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. वस्तुतः पुरुषांची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी जोखमीची असते.

दृष्टिकोनातील बदल

१९९४ च्या कैरो येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने लोकसंख्येच्या प्रश्नाच्या केंद्रस्थानी व्यक्तीचे हक्क व प्रजनन आरोग्य आणले. भारताने एप्रिल १९९६ पासून उद्दिष्टमुक्त पद्धत स्वीकारली. २००० च्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणाने ऐच्छिक व माहितीपूर्ण संमतीचे तत्त्व मान्य केले आणि २०१० पर्यंत एकूण जननदर २.१ वर आणण्याचे ध्येय ठेवले. ते साध्य व्हायला सुमारे एक दशक अधिक लागले. पण ते सक्तीविना साध्य झाले. केरळ व तमिळनाडू यांनी ही पातळी १९९० च्या दशकाच्या मध्यापूर्वीच गाठली होती. केरळात स्त्रीशिक्षण, घटलेला बालमृत्युदर आणि गावोगावची आरोग्यसेवा यांचा त्यामागे मोठा वाटा होता. जन्मलेले मूल जगेल याची खात्री वाटली, की दांपत्य लहान कुटुंबाचा निर्णय स्वतःहून घेते.

जुनी सवय मात्र सहजी सुटत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यातील नसबंदी शिबिरानंतर दहाहून अधिक स्त्रियांचा मृत्यू झाला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले. २०१७ पासून ‘अंतरा’ हे इंजेक्शन व ‘छाया’ ही गोळी शासकीय कार्यक्रमात आल्याने पाळणा लांबविण्याचे पर्याय वाढले.

पुढील वाट

जननदर घटला, तरी तरुणांची संख्या मोठी असल्याने लोकसंख्या आणखी काही दशके वाढत राहील. ही वाढ सक्तीने थांबविता येणारी नाही. प्रदेशांतील अंतरही मोठे आहे. २०१९-२१ मध्ये बिहारचा जननदर ३.० होता, तर सिक्कीमचा १.१. दुसरीकडे, दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्यांना स्थानिक निवडणुकांत अपात्र ठरविणारी तरतूद आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये रद्द केली, आणि त्यामागे घटता जननदर व वृद्धांचे वाढते प्रमाण ही कारणे होती.

एकेकाळी अपत्ये कमी व्हावीत म्हणून आग्रह धरणारी शासनसंस्था उद्या ती वाढावीत म्हणून आग्रह धरू शकते. दोन्ही वेळी आकडा हेच साध्य मानले, तर चूक तीच राहील. त्याच पाहणीत ९.४ टक्के विवाहित स्त्रियांची संततिनियमनाची गरज अपूर्ण असल्याचे दिसते. ही गरज भागविणे, पुरुषांना जबाबदारीत पुन्हा सहभागी करणे आणि निर्णय दांपत्याच्या, विशेषतः स्त्रीच्या, हाती ठेवणे हीच यापुढील धोरणाची खरी कसोटी ठरेल.