तुरटीने पाणी नितळ होतं, पण पिण्यालायक होतं का?

पावसाळ्यात विहिरीचं पाणी चहासारखं गढूळ झालं की आजी काय करते? तुरटीचा खडा घेते आणि हंड्यात चार-पाच वेळा फिरवते. थोड्या वेळाने गाळ तळाशी बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. हे नेमकं कसं होतं? आणि हे पाणी लगेच प्यायचं का? चला, जाणून घेऊया.

तुरटी म्हणजे काय?
तुरटी हे पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांचं सल्फेट आहे. तिच्या स्फटिकात पाण्याचे 12 रेणू अडकलेले असतात. तव्यावर तापवली की हे पाणी उडून जातं आणि तुरटी फुगून तिची लाही होते.

गाळ खाली कसा बसतो?
मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांचा भार सारखाच, म्हणून ते एकमेकांना ढकलतात आणि तरंगत राहतात. तुरटी विरघळली की अ‍ॅल्युमिनियमचे धन भाराचे आयन सुटतात आणि कणांचं हे भांडण मिटतं. सोबत जेलीसारखा चिकट पदार्थ तयार होतो. त्यात कण अडकतात, पुंजके जड होतात आणि खाली बसतात.

भातसानगर ते मुंबई
हीच युक्ती मोठ्या प्रमाणावरही वापरतात. शहापूर तालुक्यात भातसानगरजवळ भातसा धरण आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या 7 जलाशयांच्या साठ्यात जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा! हे पाणी नदीतून पिसे इथे येतं, तिथून उपसून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात नेतात. अशा केंद्रांत तुरटी किंवा तिचंच भावंड असलेलं अ‍ॅल्युमिनियमचं संयुग मिसळून गाळ बसवतात, वाळूच्या थरातून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात.

पण याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. तिथे शुद्धीकरण केंद्र म्हणजे घरातला हंडाच!

आणखी कुठे वापरतात?
- दाढीनंतर: कातडी आकसते, बारीक कापल्याचं रक्त थांबतं.
- कापड रंगवताना: रंग धाग्याला पक्का धरून राहतो.
- चामडं कमावताना आणि कागद बनवताना.

खरी गोम इथे आहे
तुरटी गाळ काढते, पण सगळे जंतू मारत नाही. बाटलीमागे मोबाईलचा टॉर्च लावून बघा. गढूळ पाण्यात प्रकाश पसरतो, नितळ पाण्यातून आरपार जातो. पण जंतू काही टॉर्चने दिसत नाहीत! कावीळ, जुलाब, टायफॉईड नितळ पाण्यातूनही होऊ शकतात.

म्हणून क्रम लक्षात ठेवा:
1. तुरटी फिरवा, पाणी न हलवता ठेवा. जास्त तुरटी नको, पाणी तुरट लागतं.
2. वरचं पाणी स्वच्छ फडक्याने गाळून घ्या.
3. खळखळून उकळा, किंवा लेबलवरच्या प्रमाणात क्लोरीनचं औषध टाकून अर्धा तास थांबा.

क्लोरीन आधी टाकलं तर? त्यातलं बरंचसं गाळातच खर्च होतं आणि जंतू मातीआड लपून वाचतात. म्हणून आधी तुरटी, मग क्लोरीन.

आजीचा खडा अर्धं काम चोख करतो. उरलेलं अर्धं आपण करायचं!