दुय्यम वस्तादाच्या श्रमाचे मोल

१९७२ साली म्युनिकच्या ऑलिंपिक स्पर्धेत डॅन गेबल या अमेरिकन मल्लाने प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण न देता सुवर्णपदक जिंकले आणि त्याच वर्षी ते आयोवा विद्यापीठात कुस्तीचे साहाय्यक प्रशिक्षक म्हणून रुजू झाले. चार वर्षांनी मुख्य प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले. १९९७ पर्यंत त्यांच्या मल्लांनी विद्यापीठाला पंधरा वेळा राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपद मिळवून दिले. या दिमाखामुळे साहाय्यक प्रशिक्षकाची जागा म्हणजे वरच्या गादीची पायरी, असा समज रूढ झाला. परंतु पायऱ्या पुष्कळ आणि गादी एकच, ही गोष्ट या समजात विसरली जाते.

गेबल यांचेच शिष्य टेरी ब्रँड्स यांची वाटचाल या दृष्टीने अधिक बोलकी आहे. १९९० आणि १९९२ साली ते महाविद्यालयीन विजेते झाले. १९९३ आणि १९९५ साली जगज्जेते. १९९६ च्या ऑलिंपिकसाठी झालेल्या निवड कुस्त्यांत मात्र केंडल क्रॉस यांनी त्यांना हरविले. त्याच क्रॉस यांनी पुढे अटलांटात सुवर्णपदक घेतले, आणि टेरी यांचे जुळे भाऊ टॉम यांनीही. टेरी यांच्या वाट्याला कांस्यपदक आले ते चार वर्षांनंतर, सिडनीत. नंतर चॅटानूगा येथे त्यांनी मुख्य प्रशिक्षक म्हणून काम केले, कोलोराडो स्प्रिंग्ज येथील राष्ट्रीय केंद्रात मल्ल घडविले, आणि २००८ साली ते आयोवाला परतले ते भावाच्या हाताखाली. टॉम मुख्य आणि टेरी दुय्यम, ही जोडी पुढे वर्षानुवर्षे टिकली. दोनदा जगज्जेता झालेला मल्ल दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीत आयुष्याचा उत्तरार्ध घालवितो, यात कमीपणा मुळीच नाही. प्रश्न आहे तो त्या खुर्चीचे मोल कोण आणि कसे ठरवितो हा.

या माणसाचे काम काय, हे आधी पाहिले पाहिजे. मुख्य प्रशिक्षक देणगीदारांना भेटतो, वार्ताहरांशी बोलतो. प्रत्यक्ष गादीवर उतरून दहा वजनगटांतील मुलांना जोड देणे, तोच डाव शंभरदा करून घेणे, गावोगावच्या शाळांतून होतकरू मुले हेरून आणणे आणि त्यांच्या वजनावर डोळा ठेवणे, हे बहुतेक दुय्यमाकडे येते. हे शेवटचे काम क्षुल्लक नव्हे. १९९७ च्या अखेरीस वजन उतरविण्याच्या हट्टापायी दीड महिन्याच्या आत तीन महाविद्यालयीन मल्ल दगावले, आणि त्यानंतरच घाम काढण्याच्या अघोरी उपायांवर बंदी आली.

अशा श्रमाला बाजारात भाव यावा तरी कसा? कुस्तीखेरीज दुसरी विद्या न जाणणाऱ्या तिशीतल्या मल्लाला अमेरिकेत फारशा वाटा नसतात. (पडद्यावरची नाटकी कुस्ती हा निराळाच धंदा आहे.) विकणाऱ्याला दुसरे गिऱ्हाईक नाही, तेव्हा घेणाऱ्याने भाव पाडावा हे ओघानेच आले. अमेरिकेत मात्र घेणारे याहून एक पाऊल पुढे गेले आणि त्यांनी एकत्र बसून भाव ठरविला.

महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या तेथील राष्ट्रीय संघटनेने १९९१ साली एक नियम केला. खर्च वाढतो आहे, सबब फुटबॉल सोडून इतर खेळांत ‘मर्यादित वेतनाचा प्रशिक्षक’ असा एक वर्ग असावा आणि त्याला शैक्षणिक वर्षात १२,००० व उन्हाळ्यात ४,००० डॉलर यांहून अधिक देऊ नये, असे ठरले. फुटबॉल, म्हणजे जिथे पैसा सर्वाधिक खर्च होत होता तो खेळ, वगळला गेला हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ऑगस्ट १९९२ पासून हा नियम अमलात आला. नवशिक्यांना संधी मिळावी हा हेतू सांगितला गेला. पण त्या जागेवर अनुभवी माणूस नेमण्यास कोणतीच आडकाठी नव्हती. परिणामी अनुभवी माणूस नवशिक्याच्या पगारात मिळू लागला.

साखर कारखानदारांनी किंवा पोलादाच्या मक्तेदारांनी असा करार केला असता तर त्याला कट म्हटले गेले असते. प्रशिक्षकांनी न्यायालयात नेमके तेच म्हटले. खटला बास्केटबॉलच्या प्रशिक्षकांच्या पुढाकाराने उभा राहिला, तरी इतर खेळांतील प्रशिक्षकही त्यात आले. १९९५ साली कॅन्सासच्या संघीय न्यायालयाने हा नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरविला. १९९८ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. केवळ खर्च कमी होतो एवढ्याने मजुरी गोठविणारा करार समर्थनीय ठरत नाही, हे त्यातले मर्म होते. १९९९ साली संघटनेने ५ कोटी ४५ लक्ष डॉलर देऊन तडजोड केली.

तरीही ‘स्वयंसेवक प्रशिक्षक’ नावाचा वर्ग शिल्लक राहिलाच. त्याला महाविद्यालयाने पगार द्यावयाचा नाही, असा दंडक होता. उन्हाळी शिबिरे, खासगी तालमींतील शिकवण्या आणि पत्नीची नोकरी यांवर कित्येकांनी उमेदीची वर्षे काढली. हा वर्ग जुलै २०२३ मध्ये रद्द झाला.

दरम्यान मूळ रोजगारच आटत गेला होता. सरकारी लेखापरीक्षणाच्या हिशेबाप्रमाणे १९८१-८२ ते १९९८-९९ या काळात महाविद्यालयांतील पुरुषांच्या कुस्तीचे १७१ संघ कमी झाले. कुस्तीवाल्यांनी दोष दिला तो शिक्षणसंस्थांत स्त्रियांना समान वागणूक देणाऱ्या १९७२ च्या कायद्याला, आणि त्यांची संघटना २००२ साली सरकारविरुद्ध न्यायालयात गेली. तिची हार झाली, आणि ती रास्तच होती. वरच्या श्रेणीच्या फुटबॉल संघाला ८५ शिष्यवृत्त्या आणि कुस्तीच्या संपूर्ण संघाला ९.९, ही वाटणी काही स्त्रियांनी केलेली नव्हती. उलट आयोवा विद्यापीठाने २०२१ साली स्त्रियांचा कुस्ती संघ जाहीर केला, जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय संघटनेने स्त्रियांच्या अजिंक्यपद स्पर्धेला मान्यता दिली, आणि दुय्यम वस्तादांसाठी नव्या जागा निघाल्या त्या याच दाराने.

जून २०२५ मध्ये आणखी एका खटल्यातील तडजोड न्यायालयाने मंजूर केली. तिच्यामुळे महाविद्यालयांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लक्ष डॉलर होती. शिष्यवृत्त्यांवरचे जुने बंधन जाऊन कुस्तीच्या संघात तीस जणांची मर्यादा आली. ज्यांच्या घामावर तिजोरी भरते त्यांना वाटा मिळावा, हे न्याय्यच आहे. पण तिजोरी फुटबॉल आणि बास्केटबॉल भरतात, आणि वाटणीचा मोठा भाग तिकडेच वळतो. कुस्तीच्या दुय्यम वस्तादाचा पगारही त्याच तिजोरीतून निघतो.