पुलाची पाटी आणि लोखंडी कमान

पुलाच्या तोंडाशी लावलेली वजनमर्यादेची पाटी ही केवळ सरकारी औपचारिकता नव्हे. सार्वजनिक मालमत्तेची झीज कोणी किती करावी, याचा तो निवाडा असतो. मर्यादेपलीकडच्या प्रत्येक टनाचे भाडे एकाच्या खिशात जाते. झिजेची भरपाई मात्र साऱ्या करदात्यांना करावी लागते.

कायदा याबाबत मोघम नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ अन्वये पुलाचे स्वरूप ध्यानी घेऊन राज्य सरकार वाहनांवर निर्बंध घालू शकते. २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनाचा दंड २० हजार रुपये आणि शिवाय प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये असा झाला. जादा माल उतरविल्याखेरीज वाहन हलविण्यासही मनाई आहे.

व्यवहारात मात्र पुष्कळ ठिकाणी या कायद्याची जागा लोखंडी कमानीने घेतली आहे. वजन तपासण्यास काटा हवा, माणसे हवीत. उंची अडविण्यास दोन खांब आणि एक आडवी तुळई पुरते. परंतु उंची म्हणजे वजन नव्हे. कडब्याची गाडी उंच, पण हलकी. सळ्यांची गाडी बुटकी, पण जड. कमान पहिलीला अडविते आणि दुसरीला सोडते. एस. टी. बस आणि अग्निशामक बंब यांनाही वळसा पडतो, तो वेगळाच. चुकविणारा सुटावा आणि पाळणाऱ्याने किंमत मोजावी, असा हा प्रकार होय.

दुसरीकडे, २०१८ मध्ये केंद्राने दोन आसांच्या मालमोटारीचे अनुज्ञेय एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेले. वाहतूक स्वस्त व्हावी हा हेतू रास्तच. पण अधिसूचनेने जुन्या पुलांचे बळ वाढत नाही. मुंबईतील १८६८ सालचा कार्नाक पूल २०१४ मध्ये जड वाहनांना बंद करावा लागला आणि २०२२ मध्ये तो पाडण्यात आला.

उपाय पुलाशी नव्हे, माल भरतो तेथे आहे. खाणीच्या, कारखान्याच्या आणि गोदामाच्या दाराशीच वजन व्हावे. कलम १९४ केवळ चालकाला नव्हे, जादा वजनाचे वाहन चालवावयास लावणाऱ्यालाही दोषी धरते. त्या तरतुदीचा वापर झाला, तर पगारी चालकाऐवजी नफा घेणारा जबाबदार ठरेल. तोवर कमानी उभ्या राहतील, आणि पूल झिजतच राहतील.